वजा चढ

कनात म्हटलं की आपल्याला तंबूचा पडदा दिसतो.
मेहरीजच्या पलीकडे, यज़्दच्या वाटेवर,
कनात म्हणजे जमिनीखालून चालत येणारं पाणी:
डोंगराच्या पायथ्याशी खोल आईविहीर,
तिथून डाळिंबांच्या बागेपर्यंत अंधाराची लांब नळी,
आणि वर वाळवंटात, घुशींनी उकरल्यासारखी,
विहिरींच्या तोंडांची रांग.

उस्ताद यदुल्ला पांढरे कपडे घालून आत उतरतो.
पांढरेच का, हे तूबाने एकदाच विचारलं होतं.
"वर येता नाही आलं, तर कफन शोधायला नको."
आणि खडीसाखर दाताखाली धरून चहा प्यायला.

तूबा नववीत आहे.
सदीके खानुमनी फळ्यावर दोन बिंदू काढले,
त्यांतून रेष ओढली, म्हणाल्या,
उभ्या फरकाला आडव्या फरकाने भागा,
येईल तो चढ.
वर जाणारी अधिक, खाली येणारी वजा,
आडवी पडलेली शून्य.
आणि ताठ उभी?
"तिथे भागायला शून्य येतं. तिला चढच नाही."
चढ शून्य असणं वेगळं, चढ नसणं वेगळं,
हे वर्गाला पटेना.
तूबाला लगेच पटलं. ती विहिरीच्या काठावर पालथी पडून
बापाचा दिवा लहान होताना बघत आली होती.
तिथे पुढे जाणं नसतंच,
नुसतं खाली.

शुक्रवारी ती वही घेऊन उतरली.
दोरी ताणायची, तुकड्यातुकड्याने,
मधोमध पाण्याचा थेंब सोडायचा.
थेंब जागचा हलला नाही, तर दोरी समतल.
मग दोरीपासून तळापर्यंत, या टोकाला, त्या टोकाला,
आणि वजाबाकी.
तिसरी विहीर ते चौथी: साठ मीटरला चार सेंटिमीटर.
चार भागिले सहा हजार.
दीड हजारात एक.
चौथी ते पाचवी, तेच.
तिसरी ते सातवी एकदम धरली, दोनशे चाळीसला सोळा,
तरी तेच.

"एवढ्याशाला उतार कोण म्हणेल?"
"पाणी म्हणतं," बाप म्हणाला.
"जास्त दिला तर भिंती खातं.
कमी दिला तर बसून राहतं, म्हाताऱ्यासारखं."

सातवी ते आठवी: शून्य.
तिने दोरी पुसली, नवा थेंब सोडला.
शून्य.
पाय पोटरीपर्यंत गाळात.
आठवी ते नववी: आठ.
इथे पाणी बडबडत होतं,
डाव्या भिंतीत हातभर आत शिरलं होतं.
सातवी ते नववी धरा, एकशे वीसला आठ,
दीड हजारात एक. उत्तर बरोबर.
परीक्षेत ही दोनच टोकं आली असती
तर पैकीच्या पैकी.

"हा तुकडा कधीचा?"
"मागच्या हिवाळ्यात छत बसलं. तेव्हा नव्याने केला."
"दोरी लावली होती?"
"चाळीस वर्षं डोळ्यानेच करतो."
असं म्हणून त्याने थेंबाकडे पाहिलं,
म्हणजे थेंबाच्या
थोडं डावीकडे.

तूबाने दिवा जवळ आणला नाही.
वहीत लिहिलं: आठवीखाली चार सेंटिमीटर उतरवणे,
दोन्हीकडे कमी कमी करत सातवीपाशी शून्य,
नववीपाशी शून्य.
पेन्सिलने. शाईने नाही.

वरून जलील ओरडला, चाक थांबवू का?
कुणी उत्तर दिलं नाही.
बापाने कुदळ चाचपून घेतली, गुडघ्यांवर बसला.
"सांग," म्हणाला, "किती."
"अजून."
माती पाण्यात पडली.
"अजून.
अजून थोडं.
थांब, मोजते."